ध्यानाचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझे सारे आयुष्य हिशेबात गेले. फोर्टमधल्या एका कचेरीत तेहतीस वर्षे मी खतावण्या जुळवल्या आणि रोज संध्याकाळी शहाडला परतलो. शहाड म्हणजे कसाऱ्याच्या दिशेने कल्याणच्या पुढचे पहिले स्टेशन. कल्याणपर्यंत लोकल पुष्कळ. पण आमच्याकडे थांबणार त्या फक्त टिटवाळा, आसनगाव आणि कसाऱ्याच्या. एक चुकली की फलाटावर ताटकळायचे, नाहीतर कल्याणहून रिक्षा करायची. त्यामुळे आमचा माणूस घड्याळाकडे बघत जगतो. असा माणूस ध्यान शिकायला गेला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, रोज किती वेळ बसायचे? दुसरा प्रश्न पुढे काही दिवसांनी येतो. नुसते बसून काय उपयोग, मन लागायला नको का? या दोन प्रश्नांच्या ओढाताणीत माझी काही वर्षे गेली. त्याबद्दल आज बोलणार आहे.

आमच्याच मार्गाने पुढे गेले, कसारा घाट चढला, की इगतपुरी लागते. तिथले धम्मगिरी हे विपश्यनेचे केंद्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून 1969 साली भारतात आले, त्याच वर्षी जुलैत त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले आणि 1976 पासून इगतपुरीत केंद्र सुरू झाले. 2013 साली ते गेले. शिबिरे आजही त्याच पद्धतीने चालतात. दहा दिवस मौन. पहाटे चार वाजता घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, आणि मधे जवळजवळ दहा तास ध्यान. पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते, म्हणजे शरीरावरच्या संवेदना समतेने पाहणे. त्यानंतर दिवसातून तीन वेळा ‘अधिष्ठाना’ची बैठक, तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. निरोप घेताना साधकाला सांगितले जाते की घरी गेल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसत जा.

2006 साली रजा काढून मी ते शिबिर केले. गोयंकाजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते, हे तिथे कळले. सरकारचा जमाखर्च सांभाळणारा संसारी माणूस ध्यानाचा आचार्य होता! मला फार धीर आला. म्हटले, हे आपल्याच पंथातले दिसतात.

घरी येऊन मी वही घातली. डावीकडे तारीख, उजवीकडे मिनिटे. साठ, साठ, पंचावन्न, साठ. महिन्याच्या शेवटी बेरीज. खरे सांगायचे तर त्या साठातली निम्मी मिनिटे पेंगण्यात जायची. संध्याकाळी गाडीतून उभ्याने आलेला माणूस डोळे मिटून बसला की दुसरे काय होणार? पण वहीत पेंग लिहायला रकाना नव्हता. बेरीज वाढत होती, मी खूश होतो.

आमच्याकडे तेव्हा नळाला पाणी पहाटे पाचला येई आणि सहाला जाई. माझा तासही तोच. सौभाग्यवती एकदा म्हणाली, “अहो, तुमचा तास संपतो तेव्हा पाणीही गेलेलं असतं.” मी हसण्यावारी नेले.

एके दिवशी पहाटे स्वयंपाकघरातून हंडा पडल्याचा मोठा आवाज आला. पाठोपाठ तिचा एक हुंकार. मी डोळे उघडले नाहीत. घड्याळ जवळच टिकटिकत होते आणि माझ्या अंदाजाने अजून दहा-अकरा मिनिटे बाकी होती. अधिष्ठान मोडायचे नाही, असे मी मनाशी म्हटले. शिकवल्याप्रमाणे बैठकीच्या शेवटी मंगल मैत्रीही केली, म्हणजे सर्व प्राण्यांचे भले व्हावे अशी भावना केली. मग उठलो. ती ओल्या फरशीवर भिंतीला टेकून, मनगट धरून बसली होती. हाड मोडले होते. तिने मला हाक मारली नव्हती. नंतर विचारले तेव्हा म्हणाली, “तुम्ही उठणार नाही, हे ठाऊक होतं.”

श्रोतेहो, त्या दिवशीही वहीत साठ लिहिण्यासारखी होती. मी ती उघडली नाही.

सहा आठवडे प्लास्टर होते. तेवढे दिवस पाणी मी भरले. ध्यानाबद्दल मनात अढी बसली. मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. ठरवले की घड्याळ नको, संख्या नको, दर्जा हवा. मन प्रसन्न असेल तेव्हाच बसायचे, पाचच मिनिटे पण खरी. ऐकायला हे किती छान वाटते! पहिल्या आठवड्यात तीन वेळा मन प्रसन्न झाले, दुसऱ्या आठवड्यात एकदा. बसलो की स्वतःचीच परीक्षा घ्यायचो, आज शांत वाटले का, परवासारखे वाटले का? तसे वाटले नाही की उठायचो. चार महिन्यांत ध्यान पार सुटले. तासाच्या मोजणीत निदान बैठक तरी होती. दर्जाच्या नादात तीही गेली.

आमच्या शहाडला विठ्ठलाचे देऊळ आहे. सगळे त्याला बिर्ला मंदिर म्हणतात. तिथे एक वृद्ध वारकरी भेटायचे. कंपनीत पाळ्या करून निवृत्त झालेले. रोज हरिपाठ म्हणायचे. मी त्यांना विचारले, “बाबा, रोज मन लागतं का हो?” ते म्हणाले, “मन लागलं का, ते बघायला मी येत नाही. वेळ झाली म्हणून येतो.” थोडे थांबून पुढे म्हणाले, “पाळी बदलली की वेळ बदलायची. पाठ नाही बदलला.”

मी घरी येऊन विचार करत राहिलो. आपल्याकडे दोन्ही गोष्टी आहेत. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे राहून तेरा कोटी जप केला, असे परंपरा सांगते. ही झाली संख्या. आणि ज्ञानदेवांच्या हरिपाठाचा आरंभच देवाच्या दारात क्षणभर उभे राहण्याच्या थोरवीने होतो. तो झाला क्षण. पण गंमत अशी की क्षणाचे माहात्म्य सांगणारा तो पाठ वारकरी एकदाच म्हणून थांबत नाही. जन्मभर रोज म्हणतो. क्षण खरा उतरावा यासाठीच रोज उभे राहायचे असते.

पतंजलींनी हे योगसूत्रांच्या पहिल्याच पादात, चौदाव्या सूत्रात सांगून ठेवले आहे. अभ्यास पक्का व्हायला तीन गोष्टी लागतात. तो दीर्घकाळ हवा, त्यात खंड नको, आणि तो आदराने केलेला हवा. मी ‘दीर्घकाळ’ याचा अर्थ लांब बैठक असा घेतला होता. तिथे बैठकीची मिनिटे सांगितलेली नाहीत. पुष्कळ काळ, वर्षानुवर्षे असा त्याचा अर्थ. आणि आदर म्हणजे गोड अनुभव नव्हे. पाहुण्याला आपण आदराने बसवतो तेव्हा तो आवडता आहे की नाही हे पाहत नाही. तसेच आपले त्या दिवशीचे मन, पेंगुळलेले, चिडलेले, जसे असेल तसे, त्याला नीट बसवायचे.

बुद्धाच्या चरित्रात सोण नावाच्या भिक्षूची कथा आहे. श्रीमंताघरचा, नाजूक पायांचा मुलगा. चंक्रमण करता करता त्याच्या तळव्यांतून रक्त आले, तरी चित्त मुक्त होईना. निराश होऊन तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धाने त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? नाही. सैल सोडल्या तर? तरीही नाही. मी तळव्यातून रक्त येईपर्यंत चाललो नव्हतो. माझ्या ताणलेल्या तारेने दुसऱ्याचे मनगट मोडले होते. नंतर तीच तार मी इतकी सैल सोडली की वीणा मुकीच झाली.

मग मी पुन्हा हिशेब मांडला, पण वेगळा. तो आपल्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, वेळ बसण्याआधी ठरवायची. बसल्यावर कमी-जास्त करायची नाही. छान वाटतेय म्हणून लांबवायची नाही, कंटाळा आला म्हणून उठायचे नाही. घरात कोणी पडले तर मात्र ताबडतोब उठायचे. शिबिरातली शिस्त मी घरात आणली होती, पण शिबिरात स्वयंपाकघर सेवक सांभाळत असतात, हे विसरलो होतो.

दुसरी गोष्ट, ही वेळ आठवड्यातल्या सर्वांत वाईट दिवसावरून ठरवायची. रविवारी तास कोणीही बसेल. गाड्या रखडल्या, घरी पाहुणे आले, त्या दिवशी किती जमते? माझे उत्तर वीस मिनिटे आले. पाणी भरून झाल्यावर वीस मिनिटे. लंडनमधल्या संशोधकांनी 2010 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडले नाही. तेव्हा एक दिवस गेला म्हणून रडायचे नाही, दुसऱ्या दिवशी बसायचे.

तिसरी गोष्ट, लांब बैठकीला कमी लेखायचे नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटे माझे मन कचेरीच्या फायलीच उलटत असते. पाऊण तासाने गुडघा बोलू लागतो, आणि खरा अभ्यास तिथेच सुरू होतो. दुखणे आहे, पण त्यावर चिडायचे नाही. हे वीस मिनिटांत शिकता येत नाही. म्हणून मी रविवारी तासभर बसतो, आणि जमेल तेव्हा शिबिराला जातो. मात्र मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर दहा दिवसांच्या शिबिराआधी डॉक्टरांशी जरूर बोलावे. पुढे रोजची वीस मिनिटे सहज होऊ लागल्यावर मी पाच-पाचने वाढवत नेली. आज सेवानिवृत्तीत सकाळचा तास पुन्हा जमतो. यात माझी थोरवी नाही. गाडी पकडायची नसते, एवढेच.

आणि दर्जाचे काय? तो बैठकीत मोजायचा नाही. गोयंकाजी सांगत असत की कुठल्या संवेदना आल्या यावर प्रगती ठरत नाही, समता किती टिकली यावर ठरते. शांत वाटणे हा हवामानाचा भाग. आज ऊन, उद्या ढग. बैठकीत पाहायचेच तर एवढेच पाहावे, की मन भटकल्याचे कळल्यावर चडफड न करता परतलो का? उरलेली परीक्षा उठल्यानंतर असते. पुढच्या तासाभरात घरातल्या माणसाशी मी कसा बोललो? स्वयंपाकघरातला आवाज मला ऐकू आला का?

वही अजून आहे. मिनिटांचा रकाना मी ठेवला आहे. त्याच्यावाचून माझ्यासारखा माणूस ढिला पडतो. शेजारी आणखी एक रकाना आखला आहे. तो मी भरत नाही. तो भरण्याचा अधिकार सौभाग्यवतीला दिला आहे. कधी ती बरोबरची खूण करते, कधी फुली मारते. पुष्कळदा रिकामाच ठेवते आणि म्हणते, “चहा घ्या आधी.”