काळ्या चबुतऱ्यापासून काळ्या पाण्यापर्यंत



क्रांती चौकात आपण घसा फाटेस्तोवर घोषणा देतो. ती जागा म्हणजे जुना काळा चबुतरा. जून 1857 मध्ये औरंगाबादच्या छावणीतलं घोडदळ बिथरलं. दिल्लीच्या बादशहावर चालून जाणार नाही म्हणालं. मग फाशी, गोळ्या, तोफा. जमादार चिदा खान हैदराबादला पळाला, तर निजामाचा दिवाण सालारजंग यानं त्याला धरून इंग्रजांच्या हवाली केलं. दलाली म्हणतात ती हीच!

त्याला सोडवायला 17 जुलैला जमाव रेसिडेन्सीवर चालून गेला. पुढं तुर्रेबाज खान आणि मक्का मशिदीचा मौलवी अल्लाउद्दीन. दोघांनाही काळं पाणी. तुर्रेबाज तुरुंगातून निसटला, 1859 मध्ये मारला गेला, प्रेत टांगलं. मौलवीला त्याच वर्षी अंदमानला धाडलं. तिथंच मेला.

याच इंग्रजांनी 1848 मध्ये आयर्लंडच्या जॉन मिचेलला हद्दपार केलं. तो टास्मानियातून निसटला, तुरुंगाची रोजनिशी छापली, जगानं वाचली. (हाच पठ्ठ्या पुढं अमेरिकेत काळ्यांच्या गुलामीची वकिली करत बसला, हेही ध्यानात ठेवा.)

हैदराबादला तुर्रेबाजच्या नावाचा रस्ता तरी आहे. आपल्या गावच्या जमादारासाठी बेटावर मेलेल्या मौलवीची पाटी चौकात लावायची, मी निघालोय. कोण कोण येतंय?