निरोपाचं देणं



महाभारताच्या वनपर्वात नल-दमयंतीची कथा येते. द्यूतात राज्य हरलेला नल आणि विदर्भाची राजकन्या दमयंती अरण्यातल्या एका निवाऱ्याला थांबलेली असतात. दोघांत मिळून अंगावर एकच वस्त्र उरलेलं. दमयंतीला झोप लागते. नलाला तिथेच एक तलवार सापडते. तो वस्त्र मधोमध कापतो, अर्धं स्वतः गुंडाळतो आणि निघतो. निघून मागे फिरतो, पुन्हा निघतो. मनाची समजूत त्याने घातलेली असते, की मी नसलो तर ही माहेरी जाईल, सुखात राहील. जाग आल्यावर दमयंतीपाशी उरतं ते अर्धं वस्त्र. कथेने याचा दोष नलाच्या अंगात शिरलेल्या कलीच्या माथी टाकला, पण दमयंतीचं काय झालं ते मात्र लपवलं नाही. मला आज एवढंच मांडायचं आहे: नातं संपवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, ते संपल्याचं न सांगता निघून जाण्याचा हक्क सहसा कुणालाच नाही. निरोप हे देणं आहे.

प्रेमभंगाचं दुःख निरोप घेऊनही होतंच, असं कुणी म्हणेल. होतं, पण ते कुठून सुरू झालं हे तरी माणसाला ठाऊक असतं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास संशोधक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात केला. मृत्यूची खबर आलेलं घर रडतं, दिवस करतं, हळूहळू सावरतं. बेपत्ता सैनिकांच्या घरांना तेही करता येत नव्हतं. माणूस गेला म्हणावं तर खात्री नाही, आहे म्हणावं तर समोर नाही. बॉस यांनी याला संदिग्ध हानी म्हटलं. जोडीदार अचानक दिसेनासा होतो तेव्हा हेच घडतं. शेवटच्या मेसेजपुढे एकच राखाडी टिक दिसत राहते. तिचा अर्थ नेटवर्क नाही असाही होतो, फोन बंद आहे असाही आणि नंबर ब्लॉक केला आहे असाही. माणूस दिवसभर या तीन अर्थांत फिरतो आणि रात्री चौथ्यापाशी येतो: माझंच काही चुकलं असेल. उत्तर देणारा गेला, की प्रश्न उलटून विचारणाऱ्यालाच खाऊ लागतो.

आपल्या जुन्या लोकव्यवहाराला यातलं काही कळत होतं. काडीमोड हा शब्द पाहा. अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडून लग्न संपल्याचं जाहीर होई, आणि मग बाईला पाट लावता येई. त्या पंचायतींनी बायकांवर पुष्कळ अन्याय केला. ते दिवस परत यायला नकोतच. पण संपलं ते चारचौघांत संपलं पाहिजे, ही जाण त्या काडीत होती. आज ती काडी पुष्कळदा मोडलीच जात नाही. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित स्त्रिया सुमारे ९ लाख होत्या, तर घटस्फोट न होता विभक्त राहणाऱ्या सुमारे २३ लाख. या सगळ्याच टाकलेल्या नसतील, आणि मागे राहिलेल्यांत पुरुषही आहेत. तरी अधांतरी राहिलेल्या संसारांचा अंदाज यावरून येतो. मराठीत अशा बाईला ‘टाकलेली’ म्हणतात, सरकारी अर्जावर ‘परित्यक्ता’. टाकणाऱ्यासाठी ना बोलीत तसा रुळलेला शब्द आहे, ना अर्जात रकाना. हिंदू विवाह कायद्यात परित्यागाच्या कारणावरून घटस्फोट मागायचा तर तो परित्याग सलग २ वर्षं झालेला असावा लागतो, आणि जाणाऱ्याचा कायमचं जाण्याचा इरादा होता हे शाबीत करण्याचं ओझं मागे राहिलेल्यावर असतं. ज्याने एक वाक्य बोलायचं टाळलं, त्याच्या मनात काय होतं हे दुसऱ्याने कोर्टात सिद्ध करायचं. लग्नच झालेलं नसेल तर बहुतेक वेळा तेवढाही मार्ग उरत नाही.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा, की प्रेम का आटलं हे स्वतःलाच कळत नाही, तिथे कारण काय सांगायचं? कारण सांगू नये. ‘मी या नात्यात राहणार नाही, परत येणार नाही’ एवढं सांगणं पुरेसं आहे, आणि तेवढं प्रत्येकाला ठाऊक असतं. दुसरा आक्षेप, की सांगितल्याने जास्त दुखेल, गप्प राहण्यात दया आहे. ही नलाचीच समजूत. समोरच्याचं हित त्याला न विचारता ठरवायचं, आणि ते ठरवताना आपल्याला त्याचे डोळे पाहावे लागू नयेत एवढी काळजी घ्यायची, याला दया म्हणता येत नाही. तिसरा आक्षेप खरा आहे. मार खाणाऱ्या, जिवाची भीती असलेल्या माणसाने निरोप घेत बसावं का? मुळीच नाही. अशा माणसाने आधी सुटावं. सबळ कारणाने घर सोडणं हा कायद्यानेही परित्याग मानलेला नाही. उलट जगणं अशक्य करून जोडीदाराला घराबाहेर जायला लावणाराच परित्याग करणारा ठरू शकतो. देणं विश्वासाचं असतं, आणि तो विश्वास मारणाऱ्याने आधीच मोडलेला असतो.

दमयंतीने पुढे काय केलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. माहेरी पोचल्यावर ती तोंड लपवून बसली नाही. तिने गावोगाव ब्राह्मण धाडले आणि सांगितलं, की सभांमधून, माणसांच्या मेळ्यांतून हे पुन्हा पुन्हा विचारा: अर्धं वस्त्र कापून, झोपलेल्या मला टाकून तू कुठे गेलास? प्रश्न तिने चारचौघांत आणला आणि ज्याने उत्तर द्यायचं त्याच्याकडेच पाठवला. आपण नेमकं उलटं करतो. माहेरी परतलेल्या लेकीला, एकट्या पडलेल्या मित्राला आपण विचारतो, ‘असं काय झालं तुमच्यात?’ ते त्यांना ठाऊक असतं तर रात्री जागून काढाव्या लागल्या नसत्या. विचारायचंच असेल तर गेलेल्याला विचारावं, ‘तू सांगून गेलास का?’ आणि आज ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात निघून जायचं असेल, तर त्यांनी जावं. पण त्याआधी समोरच्याला जागं करावं.