घटनेचे पंचविसावे कलम आणि गावाची वेस
(कोल्हापूर येथे नवदीक्षित कुटुंबांच्या सभेत एका वकिलांनी केलेले भाषण)



आपण नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, आणि मी आज आपणांशी बोलणार आहे तो आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्याविषयी. याचे कोणास नवल वाटेल; परंतु हा विषय परक्याचा नसून आपल्याच घरचा आहे, हे थोड्याच वेळात आपणांस पटेल.

आपल्याच जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यात कोवाड नावाचे गाव आहे. कादंबरीकार रणजित देसाई यांचे गाव म्हणून महाराष्ट्र त्यास ओळखतो. दि. २३ डिसेंबर २०१८ रोजी, रविवारी, या गावी काही ख्रिस्ती स्त्रीपुरुष प्रार्थनेसाठी जमले होते. नाताळ दोन दिवसांवर आला होता. तोच तोंडे झाकलेले इसम तलवारी व लोखंडी गज घेऊन त्यांच्यावर तुटून पडले. अनेकजण जखमी झाले. ज्या करवीर भूमीत १९२० साली माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराज आणि बाबासाहेब एकाच व्यासपीठावर बसले, त्याच भूमीत हे घडले.

त्या दिवशी देशात कायदा नव्हता काय? होता. घटनेचे पंचविसावे कलम १९५० पासून अमलात आहे. आपल्या विवेकास पटेल तो धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार ते प्रत्येक व्यक्तीस देते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची मर्यादा त्यास आहे. बळजबरीने वा फसवणुकीने केलेल्या धर्मांतरास घटना आश्रय देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले. पण अशी कोणाची तक्रार असेल, तर त्याने पोलीस ठाण्याची पायरी चढावी. तलवार उपसून प्रार्थनेच्या जागी शिरण्याचा अधिकार त्यास कोणत्याही कायद्याने दिलेला नाही.

मग हा कायदा गावाच्या वेशीवर का अडतो? कारण कायदा आपल्या पायांनी चालत नाही. तो फिर्यादीच्या तोंडाने बोलतो आणि साक्षीदाराच्या पायांनी चालतो. फिर्यादी भ्याला आणि साक्षीदार फितला, की घटनेचे कलम पुस्तकातच राहते.

आता आपला इतिहास आठवा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे बौद्ध झालेला मनुष्य अनुसूचित जातींच्या यादीबाहेर गेला. नागपूरच्या एका राखीव जागेच्या प्रकरणात १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ लावला. धर्म बदलला, पण गावाने वागणूक बदलली नाही. सवलत तेवढी गेली! १९९० साली संसदेने आदेशात दुरुस्ती केली, तेव्हा बौद्धांस न्याय मिळाला. मध्ये चौतीस वर्षे लोटली होती.

आज सामाजिक वा आर्थिक बहिष्कार हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अनुसूचित जातीच्या बौद्धास त्याचे संरक्षण आहे. परंतु त्याच वस्तीतून निघून ख्रिस्ती झालेल्यास ते नाही. कारण १९५० चा आदेश त्यास अद्याप यादीबाहेर ठेवतो. या भागात अमेरिकन मिशनचे कार्य १८५२ पासून चालत आले. त्या वेळी ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग वस्त्यांतील पुष्कळ कुटुंबे होती. पूर्वी एकाच पाणवठ्यावर मज्जाव झालेल्या दोन भावांपैकी एकास आज कायद्याचे छत्र आहे, दुसऱ्याच्या डोक्यावर ते नाही. आपण चौतीस वर्षे ज्या उन्हात उभे होतो, त्याच उन्हात तो अजून उभा आहे.

माझ्याकडे एक ख्रिस्ती भगिनी आल्या होत्या. प्रार्थनेस घर दिले म्हणून गिरणीवाला त्यांचे दळण घेईना. ठाण्यात त्यांस सांगण्यात आले, "गावातले गावात मिटवा." त्यांनी मिटवले, म्हणजे प्रार्थना बंद केली. त्या गावात आपलीही घरे होती. त्यांपैकी एकही त्यांच्यासोबत ठाण्यात गेले नव्हते. या गोष्टीचा सल माझ्या मनातून जात नाही.

म्हणून मी सांगतो ते ध्यानी ठेवा. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवले आहे. धार्मिक सभेत जाणूनबुजून व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३०० व्या कलमाखाली गुन्हा आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मागून घ्या. ठाण्यात नोंद न झाल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी अर्ज धाडा; तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांपुढे जा. चावडीवर बसून कोणत्याही तडजोडीच्या कागदावर सही अथवा अंगठा देऊ नका.

आणि उद्या शेजारच्या ख्रिस्ती घरावर दगड पडला, तर साक्षीदार म्हणून पहिले नाव आपले असू द्या. त्याचा देव आपण मानत नाही. मानण्याचे कारणही नाही. परंतु ज्या कलमाच्या आधाराने त्याने प्रार्थना केली, त्याच कलमाच्या आधाराने आपण त्रिशरण म्हटले. त्याच्या दारी ते कलम मोडले गेले आणि आपण गप्प बसलो, तर आपल्या दारी ते अभंग राहील असे समजू नका.

जयभीम!