दोनशे चाळीस तास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी माजघराच्या भिंतीवर आजोबांची ठासणीची बंदूक टांगलेली असे. परवाना शेतीरक्षणाचा. भात तयार व्हायला लागलं की रानडुकरं उतरायची आणि आजोबा रात्री शेतावर जाऊन एखादा बार काढायचे. डुक्कर क्वचितच मेलं असेल; आवाजानं पळायची, एवढंच. निवडणूक जाहीर झाली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. आजोबा कुरकुरत चालत जायचे. म्हणायचे, "सरकारचा आपल्यावर विश्वास नाही." त्यांचं हे वाक्य मला चाळीस वर्षांनी कॅलिफोर्नियात आठवलं. त्याचीच हकिगत आज सांगणार आहे.

नोकरीनिमित्त मी लॉस एंजेलिसजवळ राहतो. तिथल्या कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी मला दर शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर घेऊन जात. त्यांच्याकडे पॉइंट टू टूची एक सुंदर रायफल होती. तिच्यावरच मी नेम धरायला शिकलो. निवृत्तीनंतर ते पत्नीसह ॲरिझोना राज्यात राहायला गेले. 2021 साली त्यांच्या पत्नी वारल्या. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला, "ती रायफल तुला देतो. ये आणि घेऊन जा."

मला आनंद झाला. फिनिक्स म्हणजे मोटारीनं सहा तास. शनिवारी निघायचं, रविवारी परत. माणूस ओळखीचा, वस्तू ओळखीची, मग अडचण कसली? सहज म्हणून गावातल्या बंदुकीच्या दुकानात काडतुसांची चौकशी करायला गेलो आणि बेत सांगितला. दुकानाचे मालक म्हणाले, "गाडीत घालून आणलीत तर तुम्हीही गुन्हेगार आणि ते गृहस्थही."

अमेरिकेत बंदूक भाजीसारखी मिळते, असं आपण इकडे ऐकतो. ते अर्धंच खरं आहे. वारसाहक्कासारखे अपवाद सोडले, तर एका राज्यातल्या सामान्य माणसानं दुसऱ्या राज्यातल्या सामान्य माणसाला परस्पर बंदूक देता येत नाही. ती घेणाऱ्याच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराच्या हातूनच जावी लागते.

या नियमामागे एक इतिहास आहे. मार्च 1963मध्ये ली हार्वी ऑस्वाल्डनं मासिकातल्या जाहिरातीचं कूपन भरून शिकागोच्या एका दुकानातून रायफल मागवली. टपालखर्चासह किंमत 21 डॉलर 45 सेंट. नाव खोटं, पत्ता डॅलसमधल्या टपालपेटीचा. कोणी काही विचारलं नाही. त्याच वर्षी 22 नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडींची हत्या झाली. तरीही कायदा व्हायला पाच वर्षं लागली. एप्रिल 1968मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले, तेव्हा कुठे त्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. सामान्य ग्राहकाला दुसऱ्या राज्यातून टपालानं बंदूक मागवणं त्यानं बंद झालं.

तर माझी रायफल रीतसर निघाली. मित्रानं ती आपल्या गावातल्या परवानाधारक दुकानदाराकडे दिली. त्या दुकानदारानं आधी कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याकडून संमतीचा क्रमांक मिळवला आणि मग खोकं आमच्या गावच्या दुकानाकडे रवाना केलं. खोक्यात 25 गोळ्या बसणारं मॅगझिन होतं. आमच्या राज्यात मर्यादा दहाची. मालकांनी ते बाजूला काढलं आणि मी हात पुढे केला तरी दिलं नाही.

मग माझी पाळी. सुरक्षेची तीस प्रश्नांची लेखी परीक्षा आधी दिली. त्यानंतर केंद्र सरकारचा अर्ज. ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना? तुमच्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आहे का? गांजा ओढता का? मनोरुग्णालयात सक्तीनं दाखल केलं होतं का? घरच्या माणसाला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झाली आहे का? नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असताना, काही अपवाद सोडले, तर बंदूक घेताच येत नाही. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं म्हणून निभावलं. शेवटी उजव्या अंगठ्याचा ठसा. तो देताना आजोबांची आठवण झाली.

"आता दहा दिवसांनी या," मालक म्हणाले. दहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे मोजून दहा. दोनशे चाळीस तास. चौकशी आधी पूर्ण झाली तरीही. रागाच्या किंवा निराशेच्या भरात आलेल्या माणसाला थंड व्हायला वेळ मिळावा, हाही त्यामागचा एक हेतू. मी चिडलोच. मला कसला राग आणि कसली निराशा?

सहाव्या दिवशी रात्री मित्राचा फोन आला. "मिळाली का?"

"अजून चार दिवस."

ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत तर पाठवणार नाहीत ना ते?"

त्या आवाजानं मी सावध झालो. विचारलं, "तुम्ही ती मला का दिलीत?" तेव्हा ते हळूहळू बोलू लागले. पत्नी गेल्यापासून झोप नव्हती. रात्री उठून ते कपाटासमोर उभे राहत. "ती घरात नको होती मला," एवढंच ते म्हणाले.

मी त्यांच्या मुलीला लगेच फोन केला. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याकडे पोहोचली आणि डॉक्टरांकडे घेऊन गेली.

नंतर आकडे पाहिले. 2021 साली अमेरिकेत बंदुकीनं 48,830 माणसं दगावली. त्यांतल्या 26,328 आत्महत्या होत्या. बातमी होते ती शाळेतल्या गोळीबाराची. या एकेकट्या मरणांची होत नाही.

त्या अर्जानं मला इतके प्रश्न विचारले. देणाऱ्याला मात्र एकही नाही, आणि मीही विचारला नव्हता. इतकी आवडती वस्तू हा माणूस अचानक का देऊन टाकतो आहे, हे माझ्या मनातही आलं नाही; मी मोटारीच्या तासांचा हिशेब करत होतो. शनिवारी जाऊन रायफल आणली असती, तर घाईघाईनं हस्तांदोलन करून निघालो असतो. त्या दहा दिवसांमुळे आमचं बोलणं झालं.

आपल्याकडे घरोघरी बंदुका नाहीत, पण दुःख आहेच. कोणी जपलेल्या वस्तू अचानक वाटू लागलं, तर आनंदानं घेऊन निघू नका. जवळ बसून सरळ विचारा. आपल्या देशात टेलिमानसचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे.

रायफल आज माझ्या घरी कुलपात आहे. मित्र अधूनमधून तिची चौकशी करतात. परत मागत नाहीत.