पोपडे उडालेली गिटार

लेकीनं शिकवण्या करून जमवलेले बारा हजार माझ्यापुढं ठेवले. "अब्बा, इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय." मी पडलो शब्दांचा माणूस! दुकानात लालभडक रंगावरच भाळलो. तिनं मात्र बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून छेडलं, मग तार दाबून. दुकानदारानं घोडीचे स्क्रू फिरवले, तरी दोन्ही सूर जुळेनात. "ही नको."

शेवटी एक वापरलेली पटली. रंगाचे पोपडे उडालेले. पण दांडी सरळ, खुंट्या घट्ट, पडद्यांच्या कडा बोटाला न बोचणाऱ्या. साडेसात हजार. उरलेल्यात छोटा अॅम्प्लिफायर, केबल, नव्या तारा. अॅम्प्लिफायरचा खर्च मी धरलाच नव्हता!

रात्री ती हेडफोन लावून वाजवते. मला ऐकू येते ती नुसती तारांची कुजबुज.