ओल्या चिखलात कोरडे पाय

आषाढात मुळशीतल्या भरे परिसरात भातलावणी सुरू झाली, की माणसं दिवसभर चिखलात वाकून उभी असतात. पाठीला इरल्याचा आधार: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानं, पुढे प्लॅस्टिक आलं. वाकलेलं अंग झाकून ते दोन्ही हात मोकळे ठेवतं. छत्रीला हे कधीच जमलं नाही.

पायांचं काय?

ओढ्याला खेकडे धरायला जाणारे गमबूट घालतात, पण पँट आत खोचतात. मग मांडीवरून ओघळलेलं पाणी थेट तळव्यांशी साचतं. वरची रेनपँट बुटांच्या बाहेरूनच सोडावी. जीन्स पाणी धरून ठेवते. लोकर भिजूनही ऊब देते, म्हणून तर घोंगडीची किंमत! चामडी बूट चुलीजवळ वाळवले तर तडकतात. त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि ओले झाले की बदलावेत.

पहिल्या महायुद्धात ओल्या खंदकांनी हजारो सैनिकांचे पाय सडवले. आपल्याकडे धोका लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातले जंतू भेगाळलेल्या कातडीतून शिरतात. लावणीनंतर ताप, पोटऱ्यांत कळा, डोळ्यांत लाली दिसली तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावं आणि चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं.