लसीकरण : सक्ती कोणावर, जबाबदारी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लस टोचून घेणे ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, की ते समाजाने कायद्याने लादावयाचे कर्तव्य आहे, हा वाद करोनाच्या साथीबरोबर जन्मास आला असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः हा वाद पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्याचा इतिहास न पाहता आज एखादी बाजू घेणे म्हणजे अंधारात काठी चालविणे होय.

लसीने काय साधले

१४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर याने एका गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलास टोचला. गायीच्या सौम्य देवीने माणसाच्या जीवघेण्या देवीपासून संरक्षण मिळते, हे त्यातून सिद्ध झाले. अवघ्या सहा वर्षांत, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीस ही लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ते पहिले लसीकरण होय. पुढे १९७७ साली सोमालियात नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण सापडला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवी रोगाचे निर्मूलन झाल्याची घोषणा केली. आज जुन्या पिढीच्या दंडावरील वण तेवढे उरले आहेत.

लस केवळ टोचून घेणाऱ्याचेच रक्षण करीत नाही. पुरेसे लोक सुरक्षित झाले की रोगजंतूला पुढचे शरीर मिळत नाही आणि साखळी तुटते. गोवराच्या बाबतीत त्यासाठी सुमारे ९५ टक्के लोकांना संरक्षण असावे लागते. भारतात गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते. त्याहून लहान असलेल्या बालकाचा जीव शेजारच्या मुलांच्या लसीवर अवलंबून असतो. ‘माझे शरीर, माझा निर्णय’ एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही, तो यामुळेच.

इंग्लंडचा धडा

लसीकरणाच्या सक्तीचा सर्वांत गाजलेला लढा इंग्लंडमध्ये झाला. १८५३ च्या कायद्याने अर्भकास तीन महिन्यांच्या आत देवीची लस टोचणे बंधनकारक केले. १८६७ च्या कायद्याने नकार देणाऱ्यास पुनःपुन्हा दंड करण्याची सोय झाली. १८७१ मध्ये लसीकरण अधिकारी नेमणे सक्तीचे झाले.

कायदा सर्वांना एकच होता. त्याचा भार मात्र सर्वांवर सारखा नव्हता. श्रीमंताच्या घरी खाजगी डॉक्टर येई. मजुराच्या पत्नीला मूल घेऊन सरकारी केंद्रावर जावे लागे, आणि आठव्या दिवशी पुन्हा हजर राहावे लागे. कारण तिच्या मुलाच्या फोडातील लस काढून ती इतर मुलांना टोचली जात असे. या पद्धतीत एकाचा रोग दुसऱ्यास लागण्याचा धोका होता. म्हणजे गरिबांची भीती सर्वस्वी अज्ञानातून आलेली नव्हती. शिवाय ही व्यवस्था होती गरिबांच्या कायद्याच्या यंत्रणेकडे, ज्या यंत्रणेच्या कामगृहांचा श्रमिकांना तिटकारा होता. दंड भरता आला नाही तर घरातील सामान विकले जाई. बाप तुरुंगात जाई. धनिकाला मात्र तोच दंड खिशातून सहज देता येत असे.

२३ मार्च १८८५ रोजी लेस्टर शहरात या कायद्याविरुद्ध प्रचंड निदर्शने झाली. राजआयोग बसला. अखेर १८९८ मध्ये सद्सद्विवेकाच्या कारणावरून सूट मान्य झाली. त्याच कायद्याने एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात लस टोचण्याची प्रथा बंद करून वासरापासून काढलेली लस आणली. पुढे १९४६ च्या राष्ट्रीय आरोग्य सेवा कायद्याने सक्तीच संपुष्टात आणली.

मात्र लसविरोधकांचे सगळेच म्हणणे खरे होते असा याचा अर्थ नव्हे. लेस्टरने सक्ती झुगारली खरी. पण रुग्णाची तात्काळ नोंद, त्याचे विलगीकरण, संपर्कातील माणसांवर देखरेख आणि रुग्णालयातील परिचारिकांना लस, ही शिस्त तेथे काटेकोरपणे पाळली गेली. अफवा पसरवून साथ आटोक्यात येत नाही. ती येते संघटित आरोग्यव्यवस्थेने.

हुकूम आणि त्यामागील साधने

१० एप्रिल १९१९ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, सोव्हिएत सरकारने सक्तीच्या देवी लसीकरणाचा हुकूमनामा काढला. त्यावर लेनिनची सही होती. १९३० च्या दशकात त्या देशातून देवी हद्दपार झाली. १९५८ साली जागतिक स्तरावर देवी निर्मूलनाचा ठराव मांडला तो व्हिक्टर झ्दानोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने, आणि सोव्हिएत संघाने भारताला फार मोठ्या प्रमाणावर लस विनामूल्य पुरविली. इंग्लंडात सक्तीला विरोध झाला आणि येथे ती फळाला आली, याचे कारण केवळ हुकमात शोधणे चूक ठरेल. हुकमाच्या मागे मोफत लस आणि गावोगाव पोचणारी यंत्रणा उभी करण्यात आली होती.

भारताचा अनुभव

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोरे शिपाई घरात शिरून झडत्या घेत होते. सरकारी आरोग्य म्हणजे दारावरची लाथ, हे समीकरण त्या वर्षी लोकांच्या मनात पक्के झाले. स्वातंत्र्यानंतरही ते पुसले गेले नाही. १९७४ साली देशात देवीचे सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण झाले. ३१ हजारांहून अधिक माणसे मेली. तेव्हा एक लाखाहून अधिक कर्मचारी घरोघर फिरले, रुग्ण शोधले, त्यांच्या भोवतालच्या सर्वांना लस टोचली आणि १९७५ मध्ये रोग थांबला. हा विजय अभूतपूर्व होता. परंतु काही खेड्यांत रात्री दारे फोडून, माणसे धरून लस टोचली गेली, हे त्या मोहिमेत असलेल्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. लगेच आणीबाणीतील सक्तीची नसबंदी आली. आरोग्यसेवकाच्या पिशवीकडे संशयाने पाहण्याची सवय त्यानंतर कित्येक वर्षे टिकली.

पोलिओची मोहीम याच संशयावर अनेकदा अडखळली. या डोसाने मुले होत नाहीत, अशी अफवा उत्तर प्रदेशात पसरली होती. तिला उत्तर मिळाले ते दंडाने नव्हे. त्याच वस्तीतील बाया, मौलवी, शिक्षक यांनी दारोदार जाऊन समजूत घातली. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातील एका मुलीस झालेला पोलिओ हा वन्य विषाणूमुळे झालेला देशातील शेवटचा. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

आजचा प्रश्न

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कोणासही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. तथापि सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा अधिकार शासनास आहे. लसीचे दुष्परिणाम नोंदवून ते जनतेपुढे ठेवावेत, असेही न्यायालयाने सांगितले. हा निर्णय तर्कशुद्ध आहे. परंतु तो प्रश्नाची एकच बाजू पाहतो. नागरिकाने लस घेतली पाहिजे, असे म्हणणाऱ्या शासनावर ती पुरविण्याची सक्ती आहे काय?

१ मे २०२१ रोजी, साथ ऐन भरात असताना, केंद्राने १८ ते ४४ वयोगटाच्या लसींची खरेदी राज्यांवर आणि खाजगी रुग्णालयांवर सोडली. देशव्यापी टीकेनंतर २१ जूनपासून ते धोरण बदलावे लागले. त्याआधी २००८ मध्ये कसौली, गिंडी आणि कुन्नूर येथील तीन सरकारी लस-संस्थांचे उत्पादन परवाने निलंबित झाले होते. ज्यांनी पिढ्यानपिढ्या या देशाच्या बालकांना लस पुरविली, त्याच या संस्था.

आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत गोवराने लहान मुले दगावली. करोनाकाळात नेहमीचे लसीकरण खंडित झाले होते. त्या वस्तीत दाटीने राहणारी, कुपोषणाने पोखरलेली मुले हा रोगाचा सोपा घास ठरली. तेथील आईने लस नाकारली, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. दिवसाचा रोज बुडवून तिने केंद्रावर यावे, रांगेत उभे राहावे, आणि मुलाला ताप आला तर दुसऱ्या दिवसाचाही रोज बुडवावा, हा हिशेब कोणी मांडला आहे?

तेव्हा निष्कर्ष स्पष्ट आहे. लसीकरण झालेच पाहिजे. त्याविरुद्धचा अपप्रचार श्रमिकांच्या मुलांचेच बळी घेतो. पण सक्तीचा क्रम उलटा असला पाहिजे. प्रथम शासनावर सक्ती हवी : मोफत व निर्दोष लस, वस्तीत येणारी परिचारिका, संध्याकाळी उघडे असणारे केंद्र, दुष्परिणाम झाल्यास उपचार व भरपाई, आणि सरकारी लस-संस्थांचे पुनरुज्जीवन. एवढे झाल्यावर दंडाच्या पावतीची गरज क्वचितच पडेल.

कार्यकर्त्यांचे काम येथूनच सुरू होते. आपापल्या वस्तीत कोणत्या मुलाची कोणती लस राहिली आहे याची यादी करावी, कारण विचारावे आणि ती यादी घेऊन महापालिकेच्या दवाखान्याच्या दारात उभे राहावे.